खंजिरी आणि शब्द

आमच्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत सकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरातून खंजिरी भजन कानावर येतंच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा हा मुलूख. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून महाराज सेवाग्रामला महिनाभर येऊन राहिले होते, आणि सेवाग्राम आम्हाला लांब नाही. भजन गोडच असतं. रेकॉर्डिंग मात्र बरेचदा टोचतं. कुणी मंडपात भोंग्यासमोर मोबाइल धरलेला, कुणी जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं. त्यात टाळ, खंजिरीच्या चकत्या. मग घरातलं कुणीतरी वैतागून ते बंदच करतं.

खरं तर इलाज त्याच फोनमध्ये असतो : इक्वलायझर, म्हणजे खर्जापासून टिपेपर्यंत आवाजाचा एकेक पट्टा कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या. पण तो उघडला की बहुतेकांचं बोट आधी बासच्या पट्टीवर जातं आणि ती वर सरकते. टोचणारं टोचतच राहतं, वर घुमायलाही लागतं. पट्टी खाली आणायची असते, तीही एखादीच. कुठली, ते कानावरून ठरतं. माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. त्या लांबीमुळे ३००० हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज कानातच वाढतो. म्हणून २००० ते ५००० हर्ट्‌झचा पट्टा सर्वांत आधी बोचतो.

गोम अशी, की शब्दांची धारही तिथलीच. क, त, च स्पष्ट ऐकू येतात ते याच पट्ट्यामुळे. रागाच्या भरात दहा डेसिबल उतरवले, तर कर्कशपणा जाईल, पण गायक तोंडावर उपरणं धरून गातोय असं वाटेल. आणि भजनातून शब्द गेले तर उरलं काय? दोन-तीन डेसिबल पुरतात. तीन म्हणजे त्या पट्ट्यातली शक्ती जवळजवळ निम्मी. ते काही थोडं नव्हे.

आणखी एक. आवाज लहान असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. तेव्हा दुपारी मोठ्यानं लावून केलेली जुळणी पहाटेच्या हळू आवाजात पातळ वाटणारच. सकाळी ऐकायचं असेल तर सकाळच्याच आवाजात जुळवा.

रेकॉर्ड होतानाच आवाज फाटला असेल, तर मात्र कुठलीही पट्टी तो सांधत नाही. म्हणून पुढच्या भजनाला मोबाइल भोंग्यासमोर धरू नका. गाणाऱ्याच्या जवळ आणि खंजिरीपासून चार हात लांब ठेवा.