सौंसरचा रूळ आणि सौंसरचा रस्ता

सौंसरवरून नागपूर–छिंदवाडा धावणारी छोटी गाडी 2015 साली बंद झाली. 762 मिलिमीटरच्या रुळांची जागा 1676 मिलिमीटरच्या रुळांनी घेतली. पण रूळ टाकून झाले म्हणून प्रवासी गाडी सोडता येत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त येतो, ट्रॉलीवरून रूळ आणि पूल पाहतो, वेगाची चाचणी घेतो. त्याच्या मंजुरीनंतरच तिकीट फाटते. महत्त्वाचे म्हणजे हा आयुक्त रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नसतो, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. बांधणारा आणि तपासणारा यांची ही फारकत 1941 साली झाली. भारतीय वाहतुकीतले सर्वांत मोठे नवे पाऊल मला हेच वाटते. त्यात एकही यंत्र नाही.

आता त्याच सौंसरचा रस्ता पाहा, किंवा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जाणारा 47 क्रमांकाचा महामार्ग. संत्र्यांनी भरलेले ट्रक, शेतातून अंधारात वर चढणारा ट्रॅक्टर, सायकलवरची पोरं, सगळे त्याच डांबरावर. इथे सुरक्षा-तपासणी होते, पण तपासनीस बहुधा रस्ता बांधून घेणाऱ्या यंत्रणेनेच नेमलेला असतो. 'ब्लॅक स्पॉट'ची सरकारी व्याख्याच वाचा: सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे रूळ पहिल्या प्रवाशाआधी तपासायचा आणि रस्त्याचा दोष पाचव्या अपघातावर किंवा दहाव्या मृत्यूवर मोजायचा! 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली.

आपण 'त्याची वेळ भरली होती' म्हणतो आणि तेराव्यानंतर गप्प बसतो. वळणावर रस्त्याची बाहेरची कड पुरेशी उचललेली नाही, हे तरुण अभियंत्याला नकाशावरच दिसते. पण नाही म्हणायचे ते कोणाला? ज्याच्या हाती त्याची बढती, त्यालाच. मी त्याच्या धैर्याला दोष देणार नाही. एकट्याच्या धैर्यावर रस्ते सुरक्षित होत नसतात. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198अ हे कलम आले, सदोष रस्त्यासाठी बांधणाऱ्याला जबाबदार धरणारे. दंड एक लाखापर्यंत, आणि तोही अपघातानंतर.

सौंसर ज्यात येते तो पांढुर्णा जिल्हा 2023 साली झाला, अजून नवा आहे. इथल्या आमदार-खासदारांनी एवढेच मागावे: रेल्वेला आहे तसा, बांधकाम खात्याबाहेरचा सुरक्षा आयुक्त रस्त्यालाही द्या, आणि त्याच्या सहीशिवाय नवा रस्ता उघडू नका.