जवारी काचेत नसते

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि संत एकनाथ रंगमंदिर, दोन्ही छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातच आहेत. एका ठिकाणी वीज कशी वागते ते शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी लोक कान देऊन बसतात. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची निर्वात नळी, काढून त्याच्या जागी ट्रान्झिस्टर बसवावा का, हा प्रश्न या दोन्ही वास्तूंचा आहे. तो एकटीला सुटणार नाही.

हे महाविद्यालय 1960 साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी, 1961 मध्ये, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि 1962 मध्ये जर्मेनियमचे अर्धवाहक. म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याचा वारसदार एकाच संस्थेत, एका वर्षाच्या अंतराने जन्मले. घरोघरच्या रेडिओतून व्हॉल्व्ह गेला तेव्हा फारशी हळहळ झाली नाही, कारण आलेला आवाज जसाच्या तसा मोठा करणे एवढेच रेडिओचे काम. गिटारवादकाचे तसे नाही. तो अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडे ढकलतो आणि तिथे आवाज जो फाटतो, त्यातच आपला सूर शोधतो. त्याच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर हा वाद्याचाच अर्धा भाग आहे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकलेली नसते. ती घोडीच्या पाठीला हलकेच घासत राहते. तारेखाली दोरा सरकवून ते घासणे नेमके जुळवले की जवारी लागते आणि खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. यंत्रशास्त्राच्या हिशेबात हा दोष आहे: कंप पावणाऱ्या तारेला अडथळा. संगीताच्या हिशेबात तोच तंबोऱ्याचा प्राण आहे. भार वाढल्यावर व्हॉल्व्हमधून उमटणारे उपस्वर ही अ‍ॅम्प्लिफायरची जवारी होय.

ती कशातून येते? 1973 साली रसेल हॅम यांनी ध्वनिअभियांत्रिकीच्या नियतकालिकात मोजमापे मांडली. मायक्रोफोनच्या प्राथमिक वर्धकांवर जास्त भार टाकला तर ट्रायोड व्हॉल्व्हमध्ये दुसरा उपस्वर, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, ठळक होतो आणि ट्रान्झिस्टरमध्ये तिसरा. तेव्हापासून ‘व्हॉल्व्ह म्हणजे सम उपस्वर, म्हणून गोडवा’ हे सूत्र तोंडोतोंडी झाले. पण बहुतेक मोठ्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्हची जोडी आळीपाळीने काम करते आणि त्या रचनेत सम उपस्वर मोठ्या प्रमाणात परस्परांना रद्द करतात. तरीही ते अ‍ॅम्प्लिफायर गोडच वाजतात. याचा अर्थ, गोडवा काचेच्या नळीत भरून ठेवलेला नसतो. नळी, ट्रान्सफॉर्मर, वीजपुरवठा आणि स्पीकर यांच्या एकमेकांशी चाललेल्या व्यवहारातून तो उपजतो.

म्हणून नुसती नळी उपटून तिच्या जागी दुसरे काही खोचणे ही बदली पुरत नाही. ईसीसी83 हा गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधला सर्वांत परिचित व्हॉल्व्ह. त्याचा वर्धनांक सुमारे 100 आहे, आणि फिलामेंट तापवायलाच 6.3 व्होल्टवर 0.3 अँपिअर, म्हणजे जवळपास दोन वॉट जातात. 1970 च्या दशकात टेलेडाइन कंपनीने ‘फेट्रॉन’ काढला. व्हॉल्व्हच्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या धातूच्या डबीत, उच्च विद्युतदाब सोसावा म्हणून, एकावर एक रचलेले दोन फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर. ना फिलामेंट, ना उष्णता. पण ट्रायोडमध्ये अ‍ॅनोडचा दाब हलला की प्रवाहही हलतो, नळी स्वतःला आतूनच आवर घालते. अशा जोडट्रान्झिस्टरमध्ये हा आवर जवळजवळ नसतो. तो बाहेरून, मंडलात विचारपूर्वक घालावा लागतो. ज्या बदलीत तो घातलेला असतो, ती कानाला पटते.

वीजपुरवठ्याचेही तेच. रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या जागी सिलिकॉन डायोड लावले तर दाब वाढतो आणि पुरवठा ताठ होतो. जोरात तार छेडल्यावर क्षणभर दबून पुन्हा उसळणारा आवाज, जो अनेक गिटारवादकांना बोटांखाली हवासा वाटतो, तो कमी होतो. बेसवादकाला मात्र हाच ताठपणा उपयोगी पडतो, कारण खालच्या स्वरांना एकदम भरपूर प्रवाह लागतो. एकच बदल एका वादकासाठी तोटा, दुसऱ्यासाठी लाभ. तेव्हा ‘व्हॉल्व्ह चांगला की ट्रान्झिस्टर’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या हाताला काय परत मिळाले, हे विचारायला हवे.

व्हॉल्व्हच्या अभिमान्यांचे एक म्हणणे मला मान्य आहे: घाईची नक्कल वाद्याचा अपमान करते. पण ट्रान्झिस्टर मुळातच बेसूर, हे मान्य नाही. रोलंडचा जेसी-120 हा 1975 चा अ‍ॅम्प्लिफायर पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालतो आणि त्याच्या स्वच्छ आवाजासाठी आजही वादक तो मागून घेतात. तो कुणाची नक्कल म्हणून घडवलेला नव्हता.

आणि गरजही खरी आहे. आज असे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोवाकियात बनतात. 2022 मध्ये युद्धापाठोपाठ रशियाने निर्यातीवर बंधने आणली, तेव्हा जगभरच्या वादकांना धास्ती बसली. छत्रपती संभाजीनगरच्या वादकाने जळालेल्या नळीसाठी परदेशातल्या कारखान्याकडे किती काळ डोळे लावून बसावे?

बदलीचा कस ती सुरळीत चालते तेव्हा लागत नाही. हलक्या आवाजात सगळेच गोड. तिच्यावर भार टाकून ती कोलमडायला लागते, तेव्हा काय ऐकू येते यावर तिची किंमत ठरते. म्हणून उस्मानपुऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. एखादा बंद पडलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर मिळवा. शिक्षकांना सोबत घ्या, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहतो. नऊ पिनांच्या सॉकेटवर तुमची स्वतःची बदली बांधा. ऑसिलोस्कोपवर तरंग पाहा, पण निकाल तिथे लावू नका. ती चालत रंगमंदिरापर्यंत न्या, वादकाच्या हाती द्या, आवाज पूर्ण उघडायला सांगा आणि ऐका.