एकाच्या नावाची कुपी

बडोद्यास लहरीपुरा दरवाज्यासमोर १८९६ साली बांधलेली न्यायमंदिराची इमारत आहे. तेथे पुष्कळ वर्षे न्यायालय भरत असे. त्यामुळे आम्हां वकील मंडळींचा त्या पेठेशी जुना परिचय. तेथील एका औषधविक्रेत्या स्नेह्याने परवा आम्हांस विचारले, “एकाच रोग्याकरिता तयार केलेली कर्करोगाची लस उद्या आमच्या दुकानी आली, तर ती आम्ही ठेवावी काय? आणि टोचावी काय?” प्रश्न वरवर परवान्याचा दिसतो, परंतु विचारांती तो धर्माचा आहे, असे आमच्या ध्यानी आले.

ही लस देवीच्या किंवा गोवराच्या लशीसारखी नव्हे. रोग्याच्या गाठीचा तुकडा तपासून तिच्या पेशींत कोणते विशेष बदल झाले आहेत ते शोधतात, आणि त्याच खुणा शरीराच्या रक्षकपेशींस ओळखता याव्यात अशी लस त्या एका रोग्यासाठी बनवितात. ती बनावयास काही आठवडे लागतात. मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कर्करोगावर अशा एका लशीची १५७ रोग्यांवर केलेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्या औषधाला या लशीची जोड दिली असता रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ४४ टक्क्यांनी घटलेला दिसला. ती लस तीन-तीन आठवड्यांनी, जास्तीत जास्त नऊ वेळा द्यावयाची होती.

नऊ वेळा! येथील कर्करोगी मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयाकडे जावयास निघतो, तेव्हा घरातील एक माणूस कामधंदा सोडून त्याच्याबरोबर निघतो. रात्रीचा प्रवास, धर्मशाळेतील मुक्काम आणि पुन्हा परतीची गाडी, हे नऊ वेळा कोणाला झेपणार? म्हणून औषध रोग्याच्या दाराशी यावे ही मागणी आळसाची नव्हे, दयेची आहे. बडोद्याच्या परिसरास तिचा पूर्वानुभवही आहे. १८९८ साली हाफकिन यांची प्लेगची लस येथून सहा मैलांवरील उंढेरा गावी नेऊन लोकांस गावातच टोचली. प्लेग शिरलेल्या घरांतील टोचलेल्या ७१ माणसांपैकी ३ दगावली. न टोचलेल्या ६४ पैकी २६. लस गावापर्यंत गेली नसती, तर त्या ७१ जणांचे काय झाले असते, हे सांगावयास नको.

तथापि याच लशीची दुसरी कथाही विसरता येत नाही. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांस कामावरून दूर व्हावे लागले. बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करता वापरला गेला होता, ही गोष्ट पुढे आली; आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. प्रयोगशाळा व दंड यांच्या दरम्यान जे अंतर असते, त्यातील प्रत्येक हात जबाबदार असतो, हा त्या घटनेचा बोध होय.

आता कायदा पाहू. १९४० च्या औषध कायद्यान्वये दुकानदारास साठविण्याचा व विकण्याचा परवाना मिळतो. टोचण्याचा अधिकार त्यात येत नाही. दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याने किती काळजी घ्यावी, हे १८७२ च्या करार कायद्यात सांगितले आहे: साधारण शहाणा मनुष्य त्याच जातीच्या व त्याच मोलाच्या स्वतःच्या मालाची घेईल तेवढी. तेवढी घेतल्यावर, वेगळा करार नसेल तर, माल नासला तरी त्याच्यावर दोष नाही. येथेच हे माप अपुरे पडते. त्या जातीची व त्या मोलाची दुसरी वस्तू जगात नाहीच. मग दुकानदाराच्या घरी कोठून असणार? नेहमीच्या लशीची कुपी वीज गेल्याने बिघडली, तर दुसरी मागविता येते. ही बिघडली तर आठवडे जातात, आणि रोग मात्र थांबून राहत नाही. न्यायालय नुकसानीची रक्कम देववील. गेलेले आठवडे कोणत्या हुकूमनाम्याने परत मिळणार?

आपल्या देवस्थानांच्या मंडळींस हा विचार परका नाही. देवाचे दागिने विश्वस्तांच्या हाती असतात, पण कोणी विश्वस्त त्यांस आपले समजत नाही. पुष्कळ ठिकाणी पेटीस दोन कुलपे असतात, किल्ल्या दोघांकडे असतात, आणि पेटी उघडली की वहीत नोंद होते. हे कोणाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका म्हणून नव्हे; भला मनुष्यही घाईत चुकतो म्हणून.

म्हणून आमच्या स्नेह्यास आम्ही असे उत्तर दिले. लस ठेवण्यास धर्माचा अडसर नाही. मात्र कायद्याने तशी मुभा द्यावी, आणि दुकानाने विक्रेत्याची भूमिका सोडून ठेवीदाराच्या विश्वासाची भूमिका घ्यावी. शीतपेटीस विजेची दुसरी सोय असावी. तापमानाची नोंद अखंड असावी. कुपीवरील नाव व समोरचा रोगी एकच आहे, हे दोघांनी पाहून सही करावी. टोचणे मात्र वैद्याच्या देखरेखीखाली, अंगावर उलटल्यास तत्काळ उपाय होईल अशा जागीच व्हावे; त्यासाठी शेजारचा दवाखाना पुरेसा आहे, परळ गाठावयास नको. आणि एवढे जमत नसेल, तर दुकानदाराने प्रारंभीच नाही म्हणावे. त्या नकाराने गिऱ्हाईक जाईल; होकार देऊन हयगय केली, तर माणूस जाईल.

स्नेही क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आधी वही आणावयास हवी.” आम्हांस वाटते, त्यांस प्रश्न पुरता उमगला होता.