याचकाची संमती

तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकणारा शेतमजुराचा मुलगा शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत सरत आली म्हणून सेवा केंद्राच्या रांगेत उभा राहतो, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र आणि बँकेचे पासबुक असे घरचे सारे दप्तर एका अपरिचित इसमाच्या स्वाधीन करतो, आणि महाडीबीटीच्या खात्याचा पासवर्डही त्याच इसमाने ठरवून आपल्या वहीत टिपून ठेवावा यास मुकाट्याने मान्यता देतो, तेव्हा त्या मान्यतेला संमती म्हणावे काय, हा प्रश्न कायद्याच्या आधी नीतिशास्त्राचा आहे. नाकारण्याची मुभा ज्याला नाही, त्याच्या होकाराला नैतिक मूल्य ते कितीसे असणार?

कायद्याने या बाबतीत मौन पाळलेले नाही. न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने निर्वाळा दिला की, खासगीपणा हा संविधानाच्या 21व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच अंगभूत भाग आहे. पुढे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या अधिनियमाने संमती मुक्त, विनाअट आणि समजून-उमजून दिलेली असावी असे म्हटले. पण त्याच अधिनियमाने अनुदान वा शिष्यवृत्ती देताना शासनाला काही अटींवर नव्याने संमती न घेताही माहिती वापरण्याची सवलत दिली आहे. ज्याला शासनाकडे मागण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्याच वाट्याला ही सवलत येते, हे मला खटकते.

‘ज्याचे वर्तन शुद्ध, त्याला लपवायचे काय?’ असे गावातील वडीलधारी माणसे विचारतात, आणि त्यांच्या मनात वावगे काहीच नसते. परंतु गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला एकांतात बसण्यास सांगितले आहे, ते त्याच्या हातून काही पाप घडले म्हणून नव्हे; लोकदृष्टीच्या दडपणाखाली चित्त स्वतःशी प्रामाणिक राहू शकत नाही, म्हणून. हा एकांत त्या विद्यार्थिनीला कोठून मिळावा, जिच्या अर्जावर भावाचा मोबाइल क्रमांक आहे, जिचा ओटीपी प्रथम त्याला दिसतो, आणि आपल्या पाळीच्या दुखण्याविषयी किंवा पुण्याच्या वसतिगृहाविषयी जिने फोनवर काही शोधले तर रात्री ते घरभर ठाऊक होते? तिने लपवण्यासारखे काही केलेले नाही. तिला केवळ विचार करून पाहायचा आहे, आणि तेवढीही जागा तिला उरलेली नाही.

अशा मुलांना आपण सावधगिरीचे धडे देतो, आणि ते द्यावेतही. पण सारा भार त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. पतंजलींच्या पाच यमांपैकी अस्तेय आणि अपरिग्रह ही दोन व्रते घेणाऱ्या हाताला बांधतात, देणाऱ्या हाताला नव्हे. प्रयोजनापलीकडचा दस्तऐवज मागणे, काम झाल्यावरही तो जपून ठेवणे, लाभार्थींची नावे प्रवर्गासह व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणे, हा सारा परिग्रहच होय, मग त्यामागचा हेतू कितीही निर्मळ असो.

म्हणून माझी विनंती विद्यार्थ्यांआधी प्राचार्यांना आणि केंद्रचालकांना आहे: पहिले आठ अंक झाकलेली आधारची प्रत चालत असेल तेथे तीच घ्या, अर्ज भरून झाला की पासवर्ड विद्यार्थ्याकडून त्याच्या हाताने बदलून घ्या, आणि मंजुरीनंतर ज्यांची गरज उरली नाही ती कागदपत्रे त्याला परत करा.