ब्रेक नसलेली मोटारसायकल



जत्रेतला 'मौत का कुआँ' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर गरगर फिरणारा स्वार हँडल सोडून आपल्या हातातली नोट टिपतो आणि आपण टाळ्या वाजवतो. असा जीव पणाला लावणे हे धैर्य की पाप? आपले युवक आम्हाला हा प्रश्न विचारतात.

पोप संत जॉन पॉल दुसरे यांच्या पोलंड देशात याच जातीचा एक खेळ फार लोकप्रिय आहे. त्याचे नाव स्पीडवे. मातीच्या लंबगोल मार्गावर चार स्वार चार फेऱ्या मारतात. गाडी ५०० सी.सी.ची, गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यात शहाणपण आहे. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचे त्याच्यावर आदळतील, म्हणून कोणालाच ब्रेक नको. स्वार पडला की मनगटाला बांधलेली दोरी निघते व इंजिन बंद पडते. चौघांनीही धोका जाणून पत्करलेला असतो आणि प्रत्येकाचा जीव इतरांच्या भरवशावर असतो.

बीड-अंबाजोगाई रस्त्यावर असे काही ठरलेले नसते. उसाच्या टोळीचा ट्रॅक्टर, सायकलवरून शाळेला निघालेली मुलगी, यांना कोणी विचारलेले नसते. दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हव्यासाने रस्त्यावर स्वतःचा व दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा गंभीर दोषी ठरतो, असे कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२९० व्या परिच्छेदात सांगितले आहे. पापनिवेदनाची तयारी करताना हे पाप किती जणांना आठवते, कोण जाणे!

मग स्पीडवेचा स्वार तरी धैर्यवान का? पोलंडचा टोमाश गोलोब २०१० साली, वयाच्या ३९ व्या वर्षी जगज्जेता झाला. त्याच्या देशाला हा मान १९७३ नंतर प्रथमच मिळाला. २३ एप्रिल २०१७ रोजी मोटोक्रॉस या दुसऱ्या प्रकारच्या शर्यतीच्या सरावात तो पडला, पाठीच्या कण्याला जबर इजा झाली आणि त्याच्या नशिबी चाकाची खुर्ची आली.

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे हे नव्हे, तर टिकून राहणे हे आहे. चाल एका क्षणाची असते, सोसणे मात्र लांबत जाते. या मापाने गोलोबची अवघड शर्यत २०१७ साली सुरू झाली. तिला प्रेक्षक नाहीत.

आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यास जाताना अशी घरे आपल्याकडेही लागतात. एका आईने विचारले, "फादर, उचल घेऊन गाडी आम्हीच घेऊन दिली. मग दोष कुणाचा धरायचा?" दोषाची वाटणी करण्याची ती वेळ नव्हती. पोरगा बाजेवर होता, पंचविशीच्या आतला. पूर्वी त्या दारात मित्रांच्या गाड्यांची रांग लागायची. आता एकच जण येतो, रविवारी मिस्सा झाल्यावर. आणि तोही ऊसतोडीला गेला की दिवाळीपासून चैत्रापर्यंत कोणी नाही.