विटाळाची रीत आणि संसर्गाचा नियम

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी, म्हणजे लक्षणे दिसण्याआधीच निरोगी वाटणाऱ्या स्त्रीची केलेली तपासणी, रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारख्या संस्थांनी गावपातळीवर नेली. मात्र योनिमार्गातील स्राव हाताळणाऱ्या परिचारिकेने हातमोजे घातले की एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो, तो असा की परक्या शरीराच्या स्रावापासून राखलेले हे अंतर म्हणजे विटाळाचेच सुधारलेले रूप आहे काय.

धर्मशास्त्रात विटाळाला अशौच म्हणतात, म्हणजे जन्म, मृत्यू, रजोदर्शन अशा निमित्तांनी येणारी अशुद्धी, आणि याच जिल्ह्यात जन्मलेल्या पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तिचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. या विचारात वैद्याचे स्थान दुहेरी दिसते: पराशरस्मृती त्याला सद्यःशौच, म्हणजे सुतकाचे दिवस न पाळता तत्काळ शुद्ध होणाऱ्यांत, गणते, कारण त्याचे काम थांबून चालत नाही, उलट मनुस्मृती वैद्याचे अन्न निषिद्ध मानते. समाजाला वैद्याचा हात हवा होता, पण त्या हाताला लागलेला कलंक मात्र त्याने एकट्याने वाहावा, अशी ही व्यवस्था होती.

संसर्गाचे शास्त्र धोका वेगळ्या ठिकाणी शोधते. नेहमीच्या तपासणीत लाकडी पट्टीने किंवा ब्रशने पेशी खरवडून काचपट्टीवर पसरतात आणि त्या लगेच मद्यार्कात स्थिर करतात. त्यात सुई नसते, आणि या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा मानवी पॅपिलोमा विषाणू मुख्यतः लैंगिक संपर्कातून पसरत असल्याने हातमोजे घातलेल्या हाताला त्याचा धोका नगण्य असतो. नमुन्यात रक्त मिसळले, हाताला जखम असली किंवा थेंब डोळ्यात उडाला, तर रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंचा प्रश्न येतो. दूषित सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बीची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते; म्हणजे लोक ज्याला अधिक भितात तो विषाणू येथे कमी सहजपणे लागतो, आणि ज्याच्यावर लस उपलब्ध आहे तोच अधिक सहजपणे.

यातून भेद स्पष्ट होतो. विटाळ व्यक्तीला चिकटतो, तर संसर्गाचा धोका विशिष्ट कृतीला जोडलेला असतो. म्हणूनच १९८० च्या दशकात मांडलेला सार्वत्रिक दक्षतेचा नियम प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य समजूनच हाताळावे असे सांगतो, आणि सर्वांविषयी सारखीच शंका घेतल्यामुळे कोणा एका रुग्णाकडे बोट दाखवण्याची गरजच उरत नाही. समतेची एक वेगळी वाटही याच जिल्ह्याने पाहिली आहे: रत्नागिरीत १९३१ मध्ये उघडलेल्या पतितपावन मंदिराने सर्व जातींच्या हिंदूंना एकाच गाभाऱ्यापर्यंत नेले. त्या मंदिरात समतेचे साधन स्पर्श होता, तर तपासणीच्या खोलीत ते सर्वांसाठी सारखेच राखलेले अंतर आहे.

परंतु हा नियम सहज भ्रष्ट होतो. एखाद्या स्त्रीची जात, व्यवसाय किंवा पूर्वीचा अहवाल पाहून तिच्यापुरते दोन हातमोजे चढवले, किंवा तिची पाळी सर्वांत शेवटी लावली, तर साधन शास्त्राचे राहते आणि वृत्ती विटाळाची होते. एचआयव्ही व एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने भेदभावाला मनाई केली आणि जोखमीचे काम करणाऱ्यांना दक्षतेची साधने व प्रशिक्षण देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली, ही जोडी म्हणूनच अर्थपूर्ण आहे. जेथे हातमोजे आणि लस पुरवलेली नाहीत, तेथे परिचारिकेची भीती स्वाभाविक असते, आणि संरक्षण नसलेली भीती कृतीऐवजी माणूस पाहून अंतर राखते. तेव्हा सेवेकऱ्याकडून निर्भयतेचे व्रत मागण्यापूर्वी त्याच्या संरक्षणाचा खर्च उचलणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. अन्यथा वैद्याचा हात हवा आणि त्याचा भार मात्र त्याच्यावरच, ही स्मृतिकाळची वाटणी नव्या वेशात कायम राहते.