तिसऱ्या पाळीची टेस्ट

बजाजनगरात वाढलेल्या पोरांना एक गोष्ट कुणी न शिकवता येते, ती म्हणजे दिवसा आवाज न करणं. पप्पांची तिसरी पाळी असली की ते सकाळी आठला घरी येऊन झोपायचे आणि आम्ही भावंडं टीव्ही म्यूट करून मॅच बघायचो. वाळूज एमआयडीसीला लागून असलेल्या या वसाहतीत कित्येक घरांची घड्याळं पाळीवर चालतात.

अशा घरातल्या माणसाने हजेरी आणि पगाराचं ॲप लिहिताना तिसरी पाळीच विसरावी, हे कसं झालं? गेले काही महिने हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

वेब ॲपवर काम करायचं तर आधी ते स्वतःच्या लॅपटॉपवर उभं करावं लागतं. रेपो क्लोन करा, एनव्ही फाइल कॉपी करा, डॉकर चालू करा, डेटाबेसच्या टेबल्स बनवा आणि शेवटी त्यात खोटी माणसं भरा. याला आम्ही सीड डेटा म्हणतो. हे एक छोटंसं खोटं जगच असतं. तिथली बँक कधी पेमेंट नाकारत नाही, कारण ती बँक नसून आपण लिहिलेला मॉक असतो. तिथे एसएमएस नेहमी पोचतो. लाइट जात नाही. आणि माझ्या त्या जगातले दहाही कामगार सकाळी नऊला आत यायचे, सहाला बाहेर पडायचे. म्हणजे ते कामगार नव्हतेच, ते मी होतो. दहा वेळा मीच.

कोड असा होता: ज्या तारखेला 'इन', त्याच तारखेला नंतरचा 'आउट' शोधायचा. नाही सापडला तर अर्धा दिवस. रात्री अकराला आत गेलेला माणूस सकाळी सातला बाहेर येतो तेव्हा तारीख बदललेली असते.

पूर्ण विसरलो होतो असंही नाही. रिलीजच्या दोन दिवस आधी मला ते आठवलं, मी तिसऱ्या पाळीची टेस्ट लिहिली आणि ती लाल आली. दुरुस्ती सोपी नव्हती, तारखेचा हिशेबच मुळापासून बदलावा लागणार होता. शुक्रवारी रिलीज. मी त्या टेस्टच्या आधी 'स्किप' लिहिलं, वर एक टीप टाकली, 'नंतर बघू'. बिल्ड हिरवा झाला.

महिनाअखेर पगार निघाले. ज्यांचा एक आठवडा रात्रीचा होता त्यांच्या सहा रात्रींचे तीनच दिवस धरले गेले. कंत्राटी कामगाराच्या पगारातून तीन दिवस जाणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढच्या महिन्यात फरक जमा झाला, आमच्याकडून माफीचा मेलही गेला. पण किराण्याची उधारी आणि खोलीभाडं 'नंतर बघू' ऐकत नाही.

(गंमत म्हणजे आमच्याकडे आणखी एक टेस्ट होती, फक्त मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात फेल होणारी. डॉकरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे तेवढ्या वेळात त्याची 'आज' आणि आपली 'आज' वेगळी. आम्ही सगळे दिवसा काम करायचो, म्हणून ती कुणाला दिसलीच नाही.)

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. त्यांच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर स्टिअरिंगची हालचाल, वेग वगैरेवरून आपली चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण आवरायचं. रस्त्यावर काही गाड्या नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडायच्या. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. त्याच डिसेंबरात भारतातल्याही ३ लाख २३ हजारांवर गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावण्याची घोषणा झाली. याच ग्रुपमधल्या स्कोडाचा कारखाना आपल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याला आहे, म्हणून हॉस्टेलवर चर्चा जोरात. एवढं नीच कोण वागतं, असं मी तावातावाने बोलल्याचं आठवतं.

त्यांनी गाडीला परीक्षा ओळखायला शिकवलं. मी परीक्षेतून अवघड प्रश्नच काढून टाकला. त्यांचा कट होता, माझा कंटाळा आणि थोडी भीती. हा फरक मी मानतो. पण मला हवा होता तेवढा तो मोठा नाही. मी खोटं बोललो का? स्क्रीनवर हिरव्या अक्षरात 'सगळं पास' होतं आणि शेजारी फिकट अक्षरात 'एक स्किप'. खरं लिहिलेलं होतं, फक्त कुणी वाचणार नाही अशा रंगात. हिरवा रंग बघून मॅनेजरने हो म्हटलं, क्लायंटने हो म्हटलं. तो रंग माझ्यासाठी नव्हताच, तो त्यांना दिलेला शब्द होता.

टेस्टिंग दोष असल्याचं दाखवू शकतं, दोष नसल्याचं कधीच नाही, असं डायक्स्ट्रा सांगून गेला. कॉलेजात ते पाठ केलं होतं. पण तिथे प्रश्न ज्ञानाचा आहे. माझ्याकडे ज्ञान होतं, लाल अक्षरात.

पप्पा एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुझं गेज कोण तपासतं?" गो नो-गो गेजचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. पण झिजलेलं गेज खराब मालही पास करतं, म्हणून ठरलेल्या मुदतीने गेजचीच तपासणी होते. आमच्याकडेही तसं करता येतं: कोड मुद्दाम बिघडवायचा आणि टेस्ट ओरडते का बघायचं. फार थोडे लोक करतात.

"पप्पा, तुम्ही कधी सोडलाय का असा माल?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदा. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी होती. लाल बिनमधला लॉट जाऊ दिला."

"मग? परत आला?"

"नाही ना आला. आला असता तर विसरलो असतो."

आता आमच्या सीड डेटात पहिला कामगार रात्री १०:५२ ला आत येतो. त्याला नाव काय द्यावं यावर मी जरा अडलो होतो. शेवटी पप्पांचं दिलं.